यादीत नसलेली मुलं

नवी बालवाडी कुठे काढायची, हे ठरवायची बैठक होती. पैसे एकाच बालवाडीपुरते. मी शहराचा नकाशा भिंतीवर लावला. चालू बालवाड्या निळ्या, प्रत्येकीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ, आणि प्रतीक्षायादीतल्या मुलांची घरं लाल ठिपक्यांनी. एका भागात लाल ठिपक्यांची नुसती दाटी. तिथेच काढू या, म्हणालो आणि खाली बसलो.

मागच्या रांगेतून लसीकरणाचं काम करणाऱ्या आरोग्यसेविका उठल्या. हायवेपलीकडच्या वस्तीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, इथली मुलं कुठे गेली?"

"तिथून अर्जच आले नाहीत. शिवाय वस्ती वर्तुळात येते की."

"माझ्या रजिस्टरात आहेत," एवढंच बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या.

दुपारी त्यांच्यासोबत वस्तीत गेलो. एका घराच्या दारातून हायवेपलीकडची बालवाडी चक्क दिसत होती, भिंतीवरची चित्रंसुद्धा. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तिची आई आमच्याबरोबर निघाली. मधला दुभाजक बंद, भुयारी मार्ग बराच पुढे, आणि त्यात पाणी साचलेलं. मुलगी दोनदा खाली बसली, मग कडेवर आली. पोचायला ४० मिनिटं लागली. माझं वर्तुळ कागदावर कंपासने काढावं तसं काढलेलं होतं. त्याला हायवे कुठून कळणार?

अर्ज का केला नाही, हे विचारायची मला लाजच वाटत होती. आईने आपणहून सांगितलं. अर्ज ऑनलाइन, त्याला पत्त्याचा पुरावा, आणि घरमालक भाडेकरार करून देत नाही. "आणि मिळाली तरी बालवाडी बाराला सुटते. माझी शिफ्ट दोनला."

लंडनच्या १८५४ च्या कॉलऱ्याचा, जॉन स्नो या डॉक्टरने काढलेला नकाशा आमच्या क्षेत्रात प्रत्येकाला पाठ असतो. पण नंतर चौकशी समितीच्या अहवालासाठी त्याने त्यावर एक तुटक रेघ वाढवली, ती फारशी कुणाला आठवत नाही. ज्याच्या पाण्यातून कॉलरा पसरला तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप यांच्यामध्ये, रस्त्याने चालत गेलं तर अंतर सारखं पडेल अशा जागा जोडणारी रेघ. सरळ रेषेचं अंतर नव्हे, चालण्याचं. मी हे शिकवतोसुद्धा. असो.

रात्री नकाशा नव्याने केला. सेविकाबाईंकडून नावं घेतली नाहीत, गल्लीवार मुलांचे आकडे तेवढे घेतले. वर्तुळं पुसून रस्त्यांचं जाळं धरलं, लहान मुलाच्या चालीने १५ मिनिटं. मग आधी प्रत्येक बालवाडीपाशी उभं राहायचं: इथवर पोचू शकतील अशी मुलं किती आणि जागा किती, ते पाहून जागांना मुलांच्या संख्येने भागायचं. नंतर प्रत्येक गल्लीत उभं राहायचं आणि तिथून आवाक्यात असलेल्या बालवाड्यांचे भागाकार मिळवायचे. जवळच्या बालवाडीवर किती मुलांचा भार आहे, हे त्यात धरलं जातं. वर्तुळात ते कधीच दिसत नाही.

वस्तीची बेरीज शून्य आली. लाल ठिपक्यांच्या भागाची शहरात सर्वांत चांगली. हे कसं, म्हणून यादी पुन्हा उघडली. तिथल्या पालकांनी एकेका मुलाचं नाव तीन-तीन बालवाड्यांत घातलं होतं. एकच मूल माझ्या नकाशावर तीनदा रडत होतं. त्या पालकांची चूक नाही, त्यांना फॉर्म भरता येत होता. मी मात्र अर्जांची संख्या म्हणजेच गरज धरून बसलो होतो.

पुढच्या बैठकीत लाल भागातून सह्यांचं निवेदन आलं. वस्तीतून एकही सही नव्हती. सेविकाबाईंनी रजिस्टर टेबलावर ठेवलं, मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी लावले, आणि पहिला माझाच आहे, हेही सांगितलं. बरीच ओढाताण झाली, पण बालवाडी हायवेपलीकडच्या वस्तीत मंजूर झाली.

वेळ मात्र तीच ठेवली आहे, नऊ ते बारा. शिफ्टच्या वेळांचा तक्ता जोडून मी अर्ज केला आहे. आईची शिफ्ट अजून दोनलाच सुटते.