ऑक्स्टर म्हणजे काख

मंगळवार, रात्रीचे साडेदहा

सकाळची गोष्ट दिवसभर डोक्यातून जात नाहीये. लिहून काढते, नाहीतर झोप लागायची नाही.

अकराच्या सुमाराला दुकानात ते शेतकरी आजोबा आले. इथे स्कॉटलंडात, ॲबर्डीनपासून आत, आमच्या गावाच्या पलीकडे त्यांची शेती आहे, आता मुलगा बघतो. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात, काउंटरवर कोपर टेकतात आणि विचारतात, "फिट लाइक, क्वाइन?" कशी आहेस पोरी? मी पन्नाशीला आले, पण त्यांच्या लेखी पोरच. इकडच्या डोरिक बोलीत, म्हणजे स्कॉट्स भाषेच्या इथल्या रूपात, 'व्हॉट'चं 'फिट' होतं, 'हू'चं 'फा' आणि 'हाऊ'चं 'फू'. आता मला ते इतकं सवयीचं झालंय की गोळ्यांच्या पाकिटावर नाव लिहिता लिहिताच मी उत्तर देते.

आज म्हणाले, "माय ऑक्स्टर्स ॲफा सेअर." काख फार दुखतेय. माझ्या शेजारी नवा फार्मासिस्ट उभा होता, इंग्लंडातून आलेला, रुजू होऊन आठवडा झालाय. तो म्हणाला, "जरा इंग्रजीत सांगता का, प्लीज?"

पोरगा वाईट नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं, आणि औषधाच्या बाबतीत अंदाजाने चालत नाही हेही खरं. पण आजोबांचे कान लाल झाले. वर्गात उभं केल्यासारखे ताठ झाले आणि सावकाश म्हणाले, "अंडर माय आर्म." मग माझ्याकडे वळून, "सॉरी, मी नीट बोलायला हवं." त्या वाक्यात 'क्वाइन' नव्हतं.

नीट! ऐंशीच्या घरातला माणूस स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेबद्दल माफी मागतो, याची मला चीड येते. लोक स्कॉट्सला बिघडलेली इंग्रजी समजतात, किंवा "काय गोड ॲक्सेंट आहे" म्हणून मोकळे होतात. ॲक्सेंट म्हणजे तेच शब्द वेगळ्या सुरात म्हणणं. 'ऑक्स्टर' हा शब्दच वेगळा आहे. स्कॉट्स आणि आजची इंग्रजी दोन्ही जुन्या इंग्रजीतून निघाल्या, स्कॉट्स तिच्या उत्तरेकडच्या बोलीतून. पंधराव्या-सोळाव्या शतकात एडिनबराच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्ये लिहिले जायचे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स लंडनच्या गादीवर बसला आणि दरबार त्याच्या मागोमाग गेला. १७०७ मध्ये संसदही गेली. मोठ्या लोकांनी इंग्रजी धरली आणि शेतात, गोठ्यात जी उरली ती गावंढळ ठरली. आज २०२२ च्या जनगणनेप्रमाणे पंधरा लाखांहून जास्त लोक म्हणतात की आम्हाला स्कॉट्स बोलता येतं. २०२५ मध्ये कायदा होऊन गेलिक या स्कॉटलंडच्या दुसऱ्या जुन्या भाषेबरोबर तिलाही अधिकृत दर्जा मिळाला. आजोबांच्या कानांपर्यंत तो दर्जा अजून पोचलेला नाही.

पोचणार तरी कसा? माझ्या लेकाला जानेवारीत शाळेने बर्न्स या स्कॉट्समध्ये लिहिणाऱ्या कवीची कविता पाठ करायला लावली. छान म्हटली म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. फेब्रुवारीत त्याच्याच वहीत 'केन', म्हणजे माहीत असणं, या शब्दावर लाल काट, वर त्याच अर्थाचं इंग्रजी 'नो' लिहिलेलं. बर्न्सच्या वाढदिवसाला, पंचवीस जानेवारीला, जी भाषा चालते तिला पुढच्या महिन्यात काय होतं, हे त्याने मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

मला माझी आजी आठवली. अकोल्याची. पुण्याला आमच्याकडे आली असताना आईने तिला डॉक्टरांकडे नेलं, मीही होते. बाहेर बाकावर आजी आईला सांगत होती, "मले रातभर कसंनुसं होते." आई हळूच म्हणाली, "मले नाही हो, मला म्हणा. लोक ऐकताहेत." आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? आजी पदराशी चाळा करत म्हणाली, "काही नाही." तेवढंच. शक्तीच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. आईला मी दोष देत नाही. लग्न होऊन पुण्यात आल्यावर तिचंही 'मले' असंच कुणीतरी काढून घेतलं होतं.

म्हणून आज मी काउंटर सोडून बाहेर आले. रक्तदाब मोजायची खुर्ची आहे तिथे आजोबांना बसवलं आणि विचारलं, "फू लाँग?" केव्हापासून? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुरू झाले. दोन महिने झालेत, गाठ आहे, सुपारीएवढी, आधी दुखत नव्हती. बायकोला सांगितलेलं नाही. आणि ते 'फेर फॉरफॉखन' असतात, म्हणजे पार गळून गेल्यासारखे. गोठ्यापर्यंत जाऊन आलं की बसावं लागतं. 'अंडर माय आर्म'मध्ये यातलं काहीच आलं नव्हतं.

तिथूनच दवाखान्यात फोन लावला. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली. जाताना टोपी नीट करत म्हणाले, "टा, क्वाइन."

नव्या पोराशी दुपारी बोलले. तो गंभीर झाला, म्हणाला, मला माहीत असते तर बरं झालं असतं. उद्या त्याच्यासाठी काउंटरच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचाय, आत्ताच लिहून ठेवते. ऑक्स्टर, काख. थ्रॅपल, घसा. वेम, पोट. लग, कान. होस्ट, खोकला. पीली-वॉली, चेहरा उतरलेला. सेअर, दुखरं. फू लाँग, केव्हापासून.