डोंगरफेरी आणि गावचे दोन शब्द

आमच्या पतसंस्थेच्या कर्मचाऱ्यांची डोंगरफेरी सुगी आटोपली की निघते. भात झोडून घरात आलेलं असतं, गवताच्या गंज्या लागलेल्या असतात आणि मार्चअखेरच्या वसुलीचं भूत अजून मानेवर बसलेलं नसतं. डिसेंबरचा शेवट नाहीतर जानेवारीतला एक रविवार. सकाळी बेळगावहून निघायचं, पश्चिमेकडच्या किंवा खानापूर तालुक्यातल्या डोंगराळ गावांतून दिवसभर चालायचं, एखाद्या देवळात जेवायचं, दिवेलागणीला परत. वार्षिक सभा, लाभांश, सहकार सप्ताह या सगळ्यांपेक्षा मला हा दिवस जवळचा. हजेरीची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे, तेव्हा लिहायचा हक्कही माझाच, असं मी ठरवून टाकलंय.

सुरुवातीचे सोपस्कार दरवर्षी तेच. नारळ फुटतो, टोप्या वाटल्या जातात, फोटोत उंच माणसं पुढे येऊन उभी राहतात. चेअरमन बदलले तरी भाषण बदललेलं नाही: १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला शेतकऱ्यांची पहिली सहकारी पतसंस्था निघाली, तिथून सुरू होऊन ते आमच्या ठेवींच्या आकड्यापर्यंत येतं. तोवर उप्पीट थंड होतं. यावर अधिक लिहीत नाही.

हजेरीबद्दल मात्र लिहिणार. ग्रुपवर तारीख टाकली की अंगठ्यांचा पाऊस पडतो. रविवारी सकाळी सहाला अंगठे कुठं जातात देव जाणे. कुणाच्या मेहुण्याचा साखरपुडा निघतो, कुणाची कंबर धरते. कर्जविभागाची तर तऱ्हाच न्यारी. ही मंडळी दुपारी बरोबर जेवणाच्या वेळी गाडीतून उतरतात, इस्त्रीच्या कपड्यात, आणि वर विचारतात, ‘किती चाललासा?’ वहीत मी त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवलंय. चालणाऱ्यांच्या पानावर त्यांची नावं येणार नाहीत, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

आता मुख्य गोष्ट. फेरीत जेवणाआधी गावचा एक माणूस आमच्यासमोर दोन शब्द बोलतो. ही पद्धत पाडली आमच्या पिग्मीकाकांनी. पिग्मी ही मूळची कर्नाटकातलीच कल्पना. पुढे जिचं नाव सिंडिकेट बँक झालं, त्या संस्थेनं १९२८ साली उडुपीकडे ती सुरू केली, दारोदार जाऊन रोजची चार पैशांची बचत गोळा करायची. काकांनी उभी हयात सायकलवरून हेच केलं. दहा रुपये घ्यायचे, पावती फाडायची, आणि त्या दोन मिनिटांत घरातलं सुखदुःख ऐकायचं. पहिल्या फेरीत आमच्याच एका संचालकांनी देवळात गावकऱ्यांना बचतीचं महत्त्व सांगायला घेतलं, तेव्हा काका मागून म्हणाले, ‘साहेब, ह्यांना बचत शिकवू नका. जरा त्यांचं ऐका.’ तेव्हापासून नियम झाला. बोलणारा गावचाच हवा, पण पंचायत अध्यक्ष नको, सदस्य नको. शाल नाही, हार नाही. आणि तो बोलून खाली बसला की आमच्यातल्या कुणीही उठून उत्तर द्यायचं नाही. शेवटचा नियम पाळणं आमच्या चेअरमनांना सर्वांत जड जातं.

सगळ्यांची भाषणं काही लक्षात राहत नाहीत. कुणी नुसतंच ‘बरं झालं आलासा’ म्हणतात आणि बसतात. तेही मला आवडतं. पण काही बोलणी अशी आहेत की वही उघडली की कानात येतात.

राजहंसगडाच्या वर्षी आम्ही देसूरकडून चाललो होतो. तेव्हा गडावर आजच्यासारखी वर्दळ नव्हती. आता महाराजांचा भव्य पुतळा झाला, २०२३ च्या मार्चमध्ये चार दिवसांत त्याचं दोनदा अनावरण झालं, दोन पक्षांकडून. पुतळा बघून ऊर भरून येतो, खोटं कशाला बोला. फक्त गाड्या वरपर्यंत जातात, त्यामुळे कर्जविभागाचं फावलंय. तर त्या वर्षी गड बघून, सिद्धेश्वराला हात जोडून आम्ही येळ्ळूरच्या बाजूला सुळग्याला उतरलो. जेवणाचा टेम्पो तिथंच येणार होता. एक वाजला, दीड वाजला, टेम्पोचा पत्ता नाही. फोन लागला तेव्हा ड्रायव्हर सांगतोय, ‘अक्का, मी सुळग्यातच हाय की, देवळासमोर. तुमीच कुठं दिसंनासा.’ बेळगाव तालुक्यात सुळगे दोन! एक येळ्ळूरकडचं, एक हिंडलग्याच्या पुढे वेंगुर्ला रस्त्यावरचं. आमचा पुलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

मग सुळग्याच्या बायकांनी जे केलं ते मी विसरणार नाही. कुणी काही ठरवलं नाही, कुणी हाक मारली नाही. एका घरातून चार भाकऱ्या आल्या, दुसऱ्या घरातून झुणका, तिसऱ्या घरातून वांग्याचं भरीत. एका मुलीनं ताकाची कळशीच आणून ठेवली. एका पंगतीत तांदळाची, ज्वारीची आणि नाचण्याची अशा तिन्ही भाकऱ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

त्या दिवशी बोलायला उभे राहिले ते एक निवृत्त हवालदार. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे आमच्या भागात पलटणीत माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. ती पलटण १७६८ पासूनची, पण हवालदारांनी इतिहास काढला नाही की लढाई सांगितली नाही. त्यांनी आधी मलाच विचारलं, ‘वही तुमच्याकडं न्हवं? सकाळी किती निघालासा?’ मी आकडा सांगितला. ‘आता किती हाईत?’ मी मोजले, तेवढेच होते. ते म्हणाले, ‘मग झालं.’ आणि सांगायला लागले की पलटणीत चालून आलं की सांजच्याला मोजणी व्हायची. कोण किती भराभर चालला ते कुणी विचारत नसे, आकडा जुळला की भात शिजायला लागायचा. ‘एकदा एक कमी आला,’ एवढं म्हणाले आणि ताकाचं भांडं तोंडाला लावलं. पुढचं काही बोलले नाहीत. नियमाप्रमाणे आमच्यातलंही कुणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून मी जाताना आणि येताना दोन्ही वेळा हजेरी घेते. पोरं हसतात, शाळेत आल्यासारखं वाटतं म्हणतात. वाटू दे.

महिपाळगडाच्या फेरीत आम्ही देवरवाडीहून वैजनाथाचं दर्शन घेऊन वर गेलो. तो भाग चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मोबाइलला रोमिंग लागायचं तेव्हाची गोष्ट, शिनोळी ओलांडली आणि सगळ्यांनी फोन बंद करून टाकले. गडावर गाव आहे, माणसं राहतात, शाळा भरते. तिथलं बोलणं छान झालं, पण त्या फेरीची जास्त आठवण निघते ती लेखापरीक्षणात. जेवणाचा खर्च संस्थेच्या कार्यक्षेत्राबाहेर झाला, असा शेरा आला! आमच्या निम्म्या लोकांच्या सोयरिकी त्या गावांत, लेकी तिकडे दिलेल्या, सुना तिकडून आणलेल्या, आणि झुणका-भाकरी कार्यक्षेत्राबाहेर. तेव्हापासून आम्ही वर्गणी काढून जेवतो. ते बरंच झालं. वर्गणी भरली की माणूस येतो तरी.

कणकुंबीला एक कॉलेजची मुलगी बोलली होती. माउलीच्या देवळात, जिथं मलप्रभा उगम पावते. ती रोज खानापूरला कॉलेजला जायची. वर्गात सरांनी नदीचा उगम विचारला तेव्हा आपण कसा हात वर केला आणि ‘आमच्या गावात’ म्हणून सांगितलं, ते तिनं इतक्या ठसक्यात सांगितलं की सगळे हसले. मग म्हणाली, हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, हुबळी-धारवाडचे लोक तिचं पाणी पितात, पुढे कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. ‘नदीला सगळीकडं जायला मिळतं. मला पहिली बस चुकली की दिवस गेला.’ तिला रडगाणं गायचं नव्हतं, हसतच बोलली. आमच्या चेअरमनांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, शिपाईमामांनी त्यांच्या हातात पत्रावळ दिली.

पण माझ्या मनात घर करून राहिलेलं बोलणं राकसकोपच्या वाटेवरचं. बेळगुंदीहून सोनोली, यळेबैल करत आम्ही जलाशयाकडे चाललो होतो. बेळगावच्या नळाला हिडकल धरणाचं पाणी यायच्या कितीतरी आधीपासून राकसकोपचं येतंय, ते मार्कंडेय नदीचं. हा सगळा रताळ्यांचा मुलूख. तांबडी माती, बांधावर काजू, आणि वेल काढून झाल्यावर उकरून ठेवलेली शेतं. वाटेतल्या एका गावात देवळाच्या कट्ट्यावर आम्ही टेकलो, तर एका आजींनी घरातून उकडलेल्या रताळ्यांचं पातेलं आणलं. संस्थेच्या ठेवीदार होत्या, काकांकडे त्यांची पिग्मी होती. काका म्हणाले, ‘आजी, आज तुमीच दोन शब्द बोला.’

‘मी काय बोलू? मी सही बी करीत न्हाई, अंगठा करतो.’

‘अंगठ्यानं न्हाई, तोंडानं बोला.’

आजी उभ्या राहिल्या नाहीत. पातेल्याजवळ बसूनच बोलल्या. पोरगा गोव्याला कामाला आहे, सून आणि नातू इथं, म्हैस एक, रताळ्याचा भाव पडला, असं चारचौघांसारखं सांगत होत्या. मग म्हणाल्या, ‘वर्साला एकदा तुमच्या हापिसात येतो. तिथं खुर्च्या हाईत. पर बसा म्हणून कोण म्हणत न्हाई. मी उभाच ऱ्हातो. आज तुमी आमच्या दारात आलासा, आमी बसा म्हटलं, पाणी दिलं. एवढंच बोलायचं हुतं. आता खावा, गार हूलालीत.’

कुणाच्याही घशाखाली रताळं लवकर उतरलं नाही. आजींच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं, आम्ही काहीतरी खुलासा केला असता. त्या तर मीठ पुढं करत होत्या.

कर्जविभाग त्या वेळी अजून वाटेतच होता, गाडी लावायला जागा शोधत. म्हणजे ज्यांनी ऐकायला हवं होतं तेच नेमके नव्हते. सोमवारी मी त्यांना सगळं शब्दशः ऐकवलं. आमचे कॅशियर मात्र तिथं होते. घरचे कन्नड, बैलहोंगलकडचे, बोलायला अगदी थोडे. त्या सोमवारपासून ते काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला ‘बसा’ म्हणतात. कॉलेजच्या पोराला, चिल्लर मागायला आलेल्या किराणावाल्याला, कुणालाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी आजींच्याच सुरात ‘बसा की’ म्हटलं तेव्हा आम्ही सगळे खाली बघत होतो.

आता आभार. नावं घेत नाही, कारण एक जरी राहिलं तर मला वर्षभर ऐकावं लागतं, अनुभव आहे. शिपाईमामा, जे औषधांची पेटी आणि सर्वांत शेवटी चालणाऱ्याची जबाबदारी दोन्ही सांभाळतात. टेम्पोचा ड्रायव्हर, जो आता निघताना ‘कुठलं सुळगे?’ म्हणून स्वतःच विचारतो. सुळग्याच्या त्या सगळ्या बायका, आणि ताकाची कळशी आणणारी मुलगी, जी आता लग्न होऊन कडोलीला गेली असं कळलं. पाऊस आला तेव्हा शाळेचा व्हरांडा उघडून देणारे हेडमास्तर. देवरवाडीच्या वाटेवर चप्पल तुटली तेव्हा खिळा ठोकून देणारा माणूस, पैसे न घेता. कणकुंबीचे गुरव. दरवर्षी केळी आणणाऱ्या आमच्या लिपिक ताई, आणि त्यांना ती अर्ध्या दरात देणारे त्यांचे दीर. परतीच्या गाडीत अभंग म्हणणारे कॅशियर, आणि त्यांच्यामागे टाळ धरणारा संगणकाचा पोरगा. राकसकोपच्या वाटेवर आमच्याबरोबर शेवटपर्यंत चाललेलं ते पांढरं कुत्रं आणि त्याला न्यायला सायकलवरून आलेला मुलगा. पिग्मीकाका तर आहेतच. गुडघे गेलेत, तरी निघायच्या ठिकाणी सहाला येऊन उभे राहतात, सगळ्यांना हात करतात आणि रिक्षानं घरी जातात. त्यांचं नाव मी चालणाऱ्यांच्या पानावर लिहिते, यावर आक्षेप घेणाऱ्यांनी माझ्याशी बोलावं.

आणि हो, उप्पीट करणाऱ्या वहिनी राहिल्याच. थंड झालं ते त्यांच्यामुळे नाही.

कर्जविभागाचं म्हणणं असं की, परत येताना पाय सुजलेल्यांना ते आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडतात, तेव्हा आभारात त्यांचंही नाव यावं. सोडतात, हे खरं आहे. पुढच्या फेरीला चिगुळ्याला जायचं ठरतंय. निदान कणकुंबीपासून चालत आले तर विचार करीन.