मृगाच्या आत घरी

रब्बीचा हरभरा घरात आला आणि आम्ही अमळनेरहून निघालो: आबा, माय, मी, बायको आणि बालवाडीतली मुलगी. धाकटा भाऊ जर्मनीत श्टुटगार्टला असतो. आखाजीसुद्धा, म्हणजे अक्षय्य तृतीया, यंदा त्याच्याकडेच झाली. आबांची अट एकच होती, मृग लागायच्या आत शिवारात पाहिजे. कपाशीची लागवड ते कोणावर सोपवत नाहीत.

मे लागला तशी शेवटच्या आठवड्यांची आखणी सुरू झाली. भावाची यादी मोठी होती: पॅरिस, व्हेनिस, रोम, स्वित्झर्लंड. मायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आते फिरनं बस झाये." तिच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसायची. मला तिथेच ठरवता आलं की उरलेल्या दिवसांत मुक्काम फार तर दोन करायचे, आणि दोन्हीकडे स्वयंपाकघर हवंच. काळा मसाला आणि दादर ज्वारीचं पीठ अजून शिल्लक होतं.

आखणी मी उलटीकडून केली. आधी अमळनेरला पोचायचा दिवस, मग मुंबईचा, मग विमानाचा. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून फक्त 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे घरून निघताना परतीची गाडी मिळणं शक्यच नव्हतं. ती भावाच्या घरी बसून काढली. ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू ठेवलं होतं, ते इथे कामाला आलं. विमान उतरल्यावर लगेच नंदुरबारमार्गे गाडी धरायची नाही, मध्ये एक रात्र मुंबईत, हे बायकोने लावून धरलं. तिचं बरोबर होतं.

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या छापलेल्या असतात: व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत चालतो आणि आत एकूण किती दिवस राहता येतं. आत शिरल्याचा दिवस आणि बाहेर पडल्याचा दिवस, दोन्ही मोजले जातात. मी पाचही पासपोर्ट समोर घेऊन दिवस मोजले. विमा शेवटच्या दिवसापर्यंत आहे ना तेही पाहिलं. आबांच्या बीपीच्या गोळ्या मोजून, दोन आठवड्यांच्या जास्तीच्या निघाल्या, तेव्हा जिवात जीव आला. परक्या मुलखात त्यांची गोळी चुकू नये, हीच मला सगळ्यात मोठी काळजी होती.

पॅरिस आणि इटली यादीतून काढलं. राहिलं स्वित्झर्लंड, इंटरलाकेनजवळ एक घर. तिथलं युंगफ्राउयोख हे डोंगरावरचं रेल्वे स्टेशन 3454 मीटरवर आहे. आबांना तिथे विरळ हवेत न्यायची माझी तयारी नव्हती. त्याऐवजी ब्रिएन्झच्या तळ्यावर बोटीने फिरायचं ठरवलं. स्विस ट्रॅव्हल पासात रेल्वे, बस, तळ्यावरची बोट सगळं येतं, आणि सहा वर्षांखालच्या मुलीला तिकीटच लागत नाही. आबा बोटीच्या कठड्याशी उभे राहून काठावरची कुरणं, गवताच्या गंज्या न्याहाळत राहिले. डोंगरावर नेलं असतं तर त्यांना एवढं समाधान मिळालं नसतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ही फार जणांच्या लक्षात येत नाही. परतीचं विमान झुरिकहून होतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. म्हणून जर्मनीत घेतलेल्या वस्तूंवरचा कर परत हवा असेल, तर कस्टमचा शिक्का जर्मनी सोडतानाच घ्यावा लागतो. झुरिकच्या विमानतळावर तो मिळत नाही. बहिणींसाठी घेतलेली भांडी बॅगेत वरच ठेवली. भावाने गाडीने सीमेपर्यंत आणलं, तिथे वस्तू आणि पावत्या दाखवून शिक्के घेतले, मग पुढे गेलो.

अमळनेर स्टेशनावर उतरलो तेव्हा मृगाला अजून तीन दिवस होते. आबा घरी चहा घेऊन तसेच बियाण्याच्या दुकानाकडे निघाले.