काचेवर पाणी येईना, म्हणून वॉशर पंप घरीच बदलला

समोरून ऊन येत असताना धुळकट काचेवर कोरडे वायपर फिरले की रस्ता दिसेनासाच होतो. धूळ पुसली जात नाही, काचभर पसरते. वर रबराखाली आलेल्या कणांनी काचेवर चरे पडतात आणि ते पुन्हा जात नाहीत. त्यामुळे वॉशरचं पाणी बंद झालं तेव्हा हे काम मी पुढे ढकललं नाही.

पाणी येत नाही म्हणजे पंपच गेला, असं लगेच धरून चालू नये. टाकी रिकामी असू शकते, फ्यूज उडालेला असू शकतो, नॉझलच्या भोकात क्षार अडकलेले असू शकतात, बोनेटखालची नळी सुटलेली असू शकते. पंपापर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त खटाटोप लागतो, म्हणून त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. माझ्या मते या कामात पाना-स्क्रूड्रायव्हरपेक्षा नीट केलेली तपासणी जास्त मोलाची आहे.

पहिली तपासणी कानाची. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी फक्त ‘ऑन’वर. स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढली की वायपरही फिरतात, म्हणून काच आधी पाण्याने ओली करून घेतली. मुलीला आत बसवलं आणि मी पुढच्या चाकाशी, बंपरच्या कोपऱ्याला कान लावून बसलो. ‘‘बाबा, ओढू का?’’ ‘‘ओढ, आणि दोन-तीन सेकंद धरून ठेव.’’ पंप फिरत असेल तर बारीक घूंऽऽ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आवाज येतोय पण पाणी नाही, तर मोटर बहुतेक ठीक असते आणि अडथळा टाकीतल्या जाळीत, नळीत किंवा नॉझलमध्ये शोधायचा. मला काहीच ऐकू आलं नाही. मागच्या काचेचा वॉशर लावून पाहिला, तोही गप्प.

हा मागचा वॉशर फार उपयोगी पडला. मागेही वायपर असलेल्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही काचांना मिळून एकच पंप असतो, त्याला पाणी बाहेर पडायची दोन तोंडं असतात. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे जातं. विजेचे धन-ऋण उलटे झाले की मोटर उलटी फिरते आणि पाणी मागे जातं. आतली छोटी झडप त्या वेळी नको असलेलं तोंड बंद करते. इतक्या लहान वस्तूत बसवलेली ही युक्ती मला फार आवडते. अशा पंपाच्या गाडीत फक्त एकीकडचं पाणी बंद असेल तर त्या बाजूची नळी आणि नॉझल आधी बघावं. दोन्हीकडचं बंद असेल तर बहुधा फ्यूज नाहीतर पंप. फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत होती.

पंप टाकीच्या तळाशी असतो आणि टाकी बहुतेक गाड्यांत बंपर आणि पुढचं चाक यांच्या मधल्या पोकळीत. स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवलं की चाकामागचं प्लॅस्टिकचं लायनर, म्हणजे चाकाच्या कमानीतलं आवरण, हाताशी येतं. माझं काम चाक न काढता झालं. ज्यांना चाक काढावं लागेल त्यांनी गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय हात आत घालू नये. नुसत्या जॅकवर उभी असलेली गाडी कधी घसरेल याचा भरवसा नसतो. लायनरच्या क्लिपा काढताना आधी मधली खुंटी वर उचलायची आणि मग सगळी क्लिप ओढायची, म्हणजे तुटत नाहीत.

खरा निकाल मल्टिमीटरने दिला. पंपाचा कनेक्टर सोडवला, मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवला, दोन टोकं दोन पिनांना लावली आणि मुलीला दांडी ओढायला सांगितली. 12 व्होल्टच्या थोडं वर आकडा आला. मागचा वॉशर लावला तेव्हा तोच आकडा उणे चिन्ह घेऊन आला. म्हणजे वीज पंपाच्या दारापर्यंत दोन्ही बाजूंनी नीट येत होती आणि पंपच फिरत नव्हता. तिथे शून्य आलं असतं तर दोष दांडीतल्या स्विचात किंवा तारेत असता आणि नवा पंप आणून काहीच साधलं नसतं.

नवा पंप घेताना गाडीचा चॅसिस नंबर दाखवून जुळवून घेतला. तोंडं किती आणि कनेक्टरचा आकार कसा, हे दोन्ही बघावंच लागतं. सोबत रबरी ग्रोमेटही, म्हणजे टाकीच्या भोकात पंपाला घट्ट धरणारं कडं, नवं घेतलं. जुनं ग्रोमेट कडक झालेलं असतं आणि नवा पंप त्यात बसवला तरी बाजूने पाणी झिरपतं.

काढण्यापूर्वी दोन नळ्यांपैकी एकीला रंगीत टेप गुंडाळला. त्यांची अदलाबदल झाली तर पुढची दांडी ओढल्यावर मागची काच धुतली जाईल. जुन्या नळ्या पंपाच्या तोंडाला घट्ट चिकटलेल्या असतात. सरळ ओढल्या तर तोंड मोडतं किंवा नळी फाटते. गरम पाण्यात बुडवलेलं फडकं काही वेळ गुंडाळून ठेवलं, मग नळी आधी गोल फिरवून सोडवली आणि नंतर ओढली. खाली टब ठेवला होताच. पंप वरच्या बाजूने बाहेर झुकवून ग्रोमेटमधून उपसला तसं टाकीतलं उरलेलं पाणी धबाबा आलं आणि त्याबरोबर हिरवट बुळबुळीत गाळ. ग्रोमेटच्या तळाशी जाळी असते, ती या गाळाने जवळजवळ बुजली होती. टाकी स्वच्छ पाणी येईपर्यंत खळबळून घेतली. ही साफसफाई टाळू नका, नाहीतर तोच गाळ नव्या पंपाच्या तोंडी जाईल.

जुना पंप मी कापून उघडला. खाली पाणी ढकलणारं प्लॅस्टिकचं चक्र, वर मोटर आणि मध्ये मोटरच्या फिरत्या दांड्याभोवती छोटंसं सील. सीलमधून पाणी वर चढलं होतं आणि मोटर गंजून जाम झाली होती. या सीलला ओलावा आणि थंडावा टाकीतल्या पाण्यानेच मिळतो. टाकी रिकामी असताना दांडी ओढत राहिलं की सील कोरडं घासलं जातं. म्हणून पाणी संपल्याचं लक्षात आलं की लगेच हात आवरावा.

नवं ग्रोमेट आणि पंपाची मान साध्या पाण्याने ओली केली. तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, त्याने रबर फुगून सैल पडू शकतं. पंप सरळ दाबत नेला की तो तळाला बसल्याचं हाताला कळतं. कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत, नळ्या मूळ जागी. लायनर लावण्याआधी टाकीत थोडंच पाणी भरलं आणि ग्रोमेटखाली कोरडा टिश्यू धरला. कोरडाच राहिला.

नळ्यांत हवा असल्याने सुरुवातीला काही सेकंद नुसता आवाज येतो. तेव्हाही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त पंप चालवू नये, मध्ये थांबावं. मग आधी थुंकल्यासारखे थेंब आणि पाठोपाठ पूर्ण धार आली. एक धार काचेच्या अगदी खाली पडत होती. नॉझलमधल्या गोळीच्या भोकात टाचणी घालून ती अलगद वर वळवली. वेगात वारा धार खाली दाबतो, म्हणून उभ्या गाडीत ती काचेच्या मध्याच्या जरा वर पडावी.

टाकीत आता मी काच धुण्याचं द्रावण घालतो. नुसत्या पाण्यात शेवाळ धरतं आणि जड पाण्याचे क्षार साचतात. भांड्यांच्या साबणाने फेस होतो आणि काचेवर पुसट थर राहतो. रेडिएटरचं कूलंट तर मुळीच घालू नये, ते विषारी असतं आणि काच तेलकट करतं. जिथे गोठवणारी थंडी पडते तिथे न गोठणारं द्रावण लागतंच, कारण पंपात बर्फ झाला तर चक्र फुटतं.