बोलत नाही, पण वाचते

मी फिरती विशेष शिक्षिका. समग्र शिक्षा अभियानात, शाळेत रोज जाऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं, असलेली ही मुलगी भेटली तेव्हा सात वर्षांची होती. हातपाय ताठ, बोलणं नाही. आजी म्हणाल्या, "बाई, तिला बोलता येईना, ती वाचंल कशी?" असंच मला बहुतेक घरांत विचारतात. वाचायला आवाज लागत नाही; मुलाला उत्तर देण्याची भरवशाची रीत लागते.

आधी बसणं. अंग घसरत असलं की सगळं लक्ष ते सावरण्यातच जातं. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने खुर्चीला पट्टा लावला, पायांखाली पाट दिला. मान एका बाजूला वळली की त्या बाजूचा हात आपोआप ताठ व्हायचा, म्हणून कार्ड कायम समोर, मधोमध. डोळे तपासून घेतले आणि अक्षरं मोठी, काळ्यावर पिवळी केली.

वर बघितलं की 'हो', खाली बघितलं की 'नाही', एवढं पक्कं झाल्यावर फोटोफ्रेमच्या दुकानातून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मध्ये खिडकी पाडून आणला. हाच आमचा तक्ता. कोपऱ्यांत चार चित्रं: मांजर, बस, नळ, ताट. "म कशात ऐकू येतो?" असं विचारून मी खिडकीतून तिची नजर कुठे जाते ते बघायची. नुसत्या अंदाजानेही चारांतलं एखादं उत्तर बरोबर येतंच, म्हणून चित्रांच्या जागा बदलून पुन्हा विचारायचं. आणि थांबायचं. घरच्यांना तेच सगळ्यात जड गेलं. आई लगेच बोट दाखवायची, पण घाई केली की मुलीचं अंग आणखी ताठ व्हायचं.

अक्षरं अ ते ज्ञ अशी घेतली नाहीत. क, म, न, ल आणि काना घेतला की लगेच मामा, काका, लाल, नाक, कान असे शब्द होतात. घ-ध, भ-म या सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकत्र लावल्या नाहीत. ऱ्हस्व वेलांटीने मात्र फार वेळ घेतला. ती दिसते आधी, ऐकू येते नंतर, आणि हिला बोट फिरवून ते जुळवता येत नाही. शेवटी वेलांटी लाल रंगवली आणि 'कि'चा आवाज मीच 'क्-इ' असा तोडून म्हणत राहिले.

वाचलेलं कळतं का, हे पाहायला 'नाक' शब्दाचं कार्ड दाखवलं आणि नाक, कान दोन्ही चित्रं लावली. अक्षरं तीच, फक्त क्रम उलटा. तिने नाकाकडे बघितलं. जागा बदलल्या, तरी नाकाकडेच. आजींनी स्वतः दुसरं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं.

आता जोडाक्षरं चालू आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सी आहे आणि ६ ते १८ वयाच्या, लक्षणीय (४० टक्के किंवा अधिक) दिव्यांगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून गावच्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेलाही हा तक्ता धरायला शिकवते आहे. हिची तोंडी परीक्षा यावरच घ्या, एवढं माझं मागणं आहे.