मांडव उतरायच्या आत

२०१२ साली जाऊबाईंनी आणि मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून हे काम सुरू केलं. पुण्यात लग्नं, मुंजी, साठीशांत यांची सगळी व्यवस्था करून द्यायची. तेव्हा खुर्ची दुसऱ्याची, कढई दुसऱ्याची, स्पीकर दुसऱ्याचा. आजही तसंच आहे.

पहिल्या लगीनसराईत मला माझ्या घासाघीशीचा फार अभिमान होता. गुलटेकडी मार्केट यार्डातल्या फुलवाल्या मामांना मी अठरा हजारांवरून तेरावर आणलं आणि घरी येऊन फुशारकीही मारली. लग्नाच्या पहाटे माळा आल्या. पुढच्या बाजूला निशिगंध टपोरा, मागच्या बाजूला कालचा, वरून पाणी मारलेला. मुहूर्तापर्यंत कळ्यांच्या कडा तपकिरी पडल्या. नंतर जाब विचारला तर मामा शांतपणे म्हणाले, "ताई, तेरात तेराचीच फुलं येतात. तुम्ही फुलं सांगितली नव्हती, आकडा सांगितला होता." तेव्हा राग आला. आता कुठली फुलं, किती माळा, आधी ते ठरतं. भावाचं मग बोलतो.

पैशांची गोष्ट मात्र जाऊबाईंच्या लक्षात आली. यजमान आम्हाला पंधरा-वीस दिवसांनी देणार, मग आम्ही पुढे देणार, असा खाक्या होता. एका रात्री साडेअकराला लॉनवर पोरं कापडाच्या घड्या घालत होती आणि मांडववाले अण्णा टेम्पोपाशी उभे राहून एकच सुतळी सोडत होते, पुन्हा बांधत होते. मागत नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना आज पोरांची हजेरी द्यायचीय." आहेराच्या पाकिटांसाठी आणलेले आमचेच दहा हजार त्यांना दिले. त्या रात्रीपासून नियम झाला, उरलेली रक्कम मांडव उतरायच्या आत. त्यासाठी यजमानांकडून नव्वद टक्के हळदीच्या आधी घ्यायला लागलो. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू दिली.

कामाला येणाऱ्या पोरांची पानं जेवणाच्या आकड्यात धरतो. साधारण वीस. कोटेशनमध्ये तसं लिहूनच देतो, नाहीतर ऐनवेळी वधूपिता आणि आचारी यांच्यात जुंपते.

भागीदारी फर्म झाल्यावर टीडीएस आला, म्हणजे पैसे देतानाच त्यातला कर कापून सरकारकडे भरणं. मामांना वाटलं, आम्ही त्यांचा एक टक्का खाल्ला. दोन महिने धुसफूस. शेवटी त्यांना आमच्या सीएकडे नेलं, त्यांच्या पॅनवर जमा झालेली रक्कम स्क्रीनवर दाखवली. "मग आधी नाही का सांगायचं?" एवढंच म्हणाले. चूक आमचीच होती.

एप्रिल २०२१ मध्ये कोविडमुळे सरकारी आदेश निघाला, लग्नाला २५ माणसं आणि वेळ दोन तास. आमचं चारशे पानांचं लग्न पाच दिवसांवर होतं. यजमान अ‍ॅडव्हान्स परत मागत होते. भांडणाच्या तयारीनंच मी फोन फिरवले. अण्णांनी सगळी रक्कम परत केली. आचाऱ्यांनी अर्धी दिली, बाकीची तेलाच्या डब्यांत अडकली होती. ती आम्ही पुढच्या कामांत वळती केली आणि तोवर त्यांना सोसायटीतल्या आजारी घरांच्या डब्यांची कामं मिळवून दिली. लायटिंगवाल्यानं फोन उचलणंच बंद केलं. त्याचा नंबर अजून ठेवलाय, चुकून त्याचा फोन आलाच तर ओळखता यावा म्हणून.

घासाघीस अजूनही होते. फक्त आता ती आषाढात होते, मुहूर्त संपलेले असतात तेव्हा. अण्णांच्या गोदामात धुतलेलं कापड दोरीवर वाळत असतं, पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि आम्ही वर्षभराचे दर वहीत लिहितो. यंदा त्यांनी खुर्चीमागे दोन रुपये वाढवून मागितले. जाऊबाईंनी एकावर आणले. चहाचे पैसे अण्णांनीच दिले, आणि आम्ही निघताना मोडक्या खुर्च्यांची भरपाई या वर्षी कोणी द्यायची, हा विषय काढला.