शुगर आहे, मग केस जाणारच?

“शुगर आहे ना तुम्हाला, मग केस जाणारच.” हे मला नणंदेने सांगितलं, पार्लरमधल्या मुलीने सांगितलं आणि एका दवाखान्यात डॉक्टरांनीही कागदावरून मान वर न करता सांगितलं. मधुमेहाने केस गळतात, हे खोटं नाही. पण एकदा हे वाक्य बोललं गेलं की पुढे कोणी काही विचारत नाही, काही तपासत नाही, याचा मला मनापासून राग येतो. माझ्या केसगळतीमागे शुगर होतीच. तिच्यासोबत आणखी दोन-तीन कारणं होती आणि त्यातली बरीचशी भरून काढण्यासारखी होती. ती कोणी शोधली नसती तर मी आजही तेल बदलत बसले असते.

मी सदाशिव पेठेत मेस चालवते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली जेवायला येतात, काहींचे डबे जातात. चाळिशी ओलांडल्यावर टाइप २ मधुमेहाचं निदान झालं, तेव्हापासून शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू आहे. आता पन्नाशी उलटली. माझे केस पहिल्यापासून दाट, कमरेपर्यंत. आई शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी उकळून न्हायला घालायची, त्या वासासकट ते केस मला आठवतात.

२०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात चिकुनगुन्याने घरंच्या घरं आडवी झाली होती. आमच्याकडे मलाच झाला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण मनगटं आणि घोटे इतके धरले की लाटणं हातात धरवेना. तापात शुगर तीनशेच्या वर गेली आणि पुढचे कितीतरी दिवस खाली यायला तयार नव्हती. केस मात्र तेव्हा जागच्या जागी होते. दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला तेल चोळताना बोटांत पुंजका आला. मग प्रत्येक न्हाण्याला मोरीच्या जाळीवर काळ्या-पांढऱ्या केसांचा चपटा गोळा साचायचा, पाणी तुंबायचं.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केसांचा विचारलाच नाही. “तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?” असं विचारलं. मी चिकुनगुन्या म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि मग नीट समजावून सांगितलं. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग वाढ थांबते, दोन-तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि गळतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणं यात काहीच वावगं नाही. पण मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन किंवा फार वाढलेली शुगर असं काही अंगावर आलं की शरीर पुष्कळ केसांची वाढ एकदम थांबवतं. ते सगळे केस मग दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळायला लागतात. विजेचं बिल मागच्या महिन्याच्या वापराचं येतं, तसं हे. म्हणून माणूस कारण शोधताना चुकीच्या जागी शोधतो. मी दिवाळीतल्या नव्या शाम्पूला दोष देत होते.

त्या अवस्थेत मुळं मेलेली नसतात आणि कारण दूर झालं की साधारण सहा महिन्यांत गळती आवरते, हे ऐकून मी तिथेच रडले. त्यांनी थांबवलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला.

मग रक्ताच्या तपासण्या. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ९.८ होती. थायरॉइडचं टीएसएच ठीक. फेरिटिन मात्र ९, म्हणजे फारच कमी. फेरिटिन म्हणजे शरीरात शिलकीत असलेलं लोह. हिमोग्लोबिन फारसं घसरलेलं नसतानाही ही शिल्लक संपलेली असू शकते, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. माझी पाळी जाण्याआधी दोनेक वर्षं अंगावरून फार जायचं. बायका हे सांगतच नाहीत, मला तरी कोणी विचारलं नव्हतं. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: लोहाची कमतरता असली की एचबीए१सी असायला हवी त्यापेक्षा थोडी जास्तही दिसू शकते. त्यामुळे माझ्या शुगरच्या डॉक्टरांनी एकट्या त्या आकड्यावर गोळ्या वाढवल्या नाहीत. घरच्या ग्लुकोमीटरची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची नोंद मागितली, ती बघून ठरवलं. केसांसाठी केलेली तपासणी अशी शुगरच्या उपचारात कामाला आली.

बी-१२ सुद्धा कमी निघालं. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की बी-१२ शोषलं जाण्यात अडचण येते. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं, असं जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. त्यात आम्ही शाकाहारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींमध्ये बी-१२ कमी होतं. म्हणजे आपल्याकडे आधीच खड्डा, त्यात मेटफॉर्मिन. बी-१२ आणि केस यांचं नातं लोहाइतकं सरळ नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण तळपायाला मुंग्या येतात, बधिर वाटतं, ते “शुगरमुळे” म्हणून आपण सोडून देतो. त्यातलं काही बी-१२ मुळेही असू शकतं. माझ्या मुंग्या इंजेक्शनांनंतर पुष्कळ कमी झाल्या. कोणी मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये. ती गोळी चांगली आहे, तिच्यासोबत बी-१२ कडे लक्ष हवं, एवढंच.

खाण्याचं सांगायलाच हवं, कारण ते माझं कामच आहे. शुगर वाढल्याच्या धास्तीने लोक जेवणच कमी करतात. पोळी एक, भाजी जरा, वरण पाण्यासारखं. केस हे मुख्यतः प्रथिनाचे बनलेले असतात आणि इतक्या कमी खाण्यात ते कुठून मिळणार? मी भात कमी केला आणि वाटीभर उसळ वाढवली. मटकी, हुलगे, मसूर, आठवड्यातून दोनदा छोले. ज्या मुलांना चालतं त्यांना अंडी देते. उसळीवर लिंबू पिळायचं, कारण आंबटातलं क जीवनसत्त्व कडधान्यांतलं लोह अंगी लागायला मदत करतं. आणि जेवणावर लगेच चहा नाही, कारण चहा तेच लोह अडवतो. हा जेवणानंतरचा चहा सोडणं मला गोड सोडण्यापेक्षा जड गेलं. मूत्रपिंडाला त्रास झालेला असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फेब्रुवारीपासून गळती कमी होत गेली. उन्हाळ्यापर्यंत तीन महिन्यांची शुगर ७.२ वर आली. कपाळाच्या कडेने बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले, ते तेलानेही बसेनात, आणि मी आरशासमोर उभी राहून त्यांच्यावरून उलटा हात फिरवायची. पण भांग रुंदच राहिला. मधोमध पाडलेल्या भांगाशी टाळू दिसते, ती तशीच. इथे डॉक्टर बाईंनी मला फसवं काही सांगितलं नाही. तो वेगळा प्रकार आहे, त्यात वय आणि आनुवंशिकता असते, माझ्या आईचाही भांग असाच होता. इन्सुलिन नीट काम न करण्याशीही त्याचा संबंध असावा असं मानलं जातं. शुगर सुधारली म्हणून तो आपोआप भरत नाही.

त्यासाठी मिनॉक्सिडिल. हे औषध मुळात रक्तदाबाच्या गोळीचं. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले तेव्हा त्याचा हा उपयोग लक्षात आला. ते टाळूला लावायचं असतं, केसांना नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि नेमक्या तेव्हाच लोक घाबरून सोडतात. गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की आलेले केसही हळूहळू जातात. हृदयाचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी लावते आहे. भांग थोडा अरुंद झालाय असं मुलगी म्हणते, मलाही वाटतं. पूर्वीसारखा होणार नाही हे मला माहीत आहे.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. त्यांच्याबद्दल एक धोक्याची गोष्ट: जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवू शकतं, थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनचेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. मधुमेही माणसाला हृदयाची तपासणी कधी लागेल सांगता येत नाही. घेत असाल तर डॉक्टरांना आणि लॅबमध्ये आधी सांगा.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी वजन आणि शुगरसाठी आठवड्याचं टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन सुरू केलं, २०२५ मध्ये ते भारतात आलं तेव्हा. वजन भराभर उतरलं आणि काही महिन्यांनी केस. त्याही घाबरल्या. वजन झपाट्याने उतरलं की हे होतं, इंजेक्शन त्यांना लागू पडलं होतं, बंद करायची गरज पडली नाही. भूक मेल्यामुळे जे खाणं सुटलं होतं ते मोजून परत सुरू केलं.

आणि मेसमधला एक मुलगा, टाइप १ चा, जेवायला बसण्याआधी कोपऱ्यात जाऊन इन्सुलिन घेतो. त्याला डोक्याच्या मागे रुपयाएवढी चाई पडली. कोणीतरी त्याला कांद्याचा रस चोळायला सांगितलं होतं. चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच केसांच्या मुळांवर केलेला हल्ला असतो, टाइप १ चं मूळही त्याच जातीचं, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसू शकतात. त्याला चाईच्या जागीच स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी शुगर फार वाढते, म्हणून अशा वेळी स्किनच्या आणि शुगरच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवावेत. त्याचे केस आले.

आता माझ्या मनातलं. केस पिकले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. गेले तेव्हा फार लागलं. एकदा एका डब्याच्या झाकणाला आतून माझा लांब केस चिकटलेला निघाला. ज्या मुलाचा डबा, तो धाराशिवकडचा, घरापासून लांब राहणारा; त्याने तो केस बाजूला काढला आणि “असू दे काकू, आईच्या डब्यातपण निघायचा” म्हणाला. मी त्या दिवसापासून सुती रुमाल डोक्याला घट्ट न बांधता, केस झाकले जातील असा बांधते. घट्ट अंबाडा आणि ताणून बांधलेली वेणी सोडली, कारण ओढीने मुळं आणखी दुखावतात. केस खांद्यापर्यंत कापले. पुतण्याच्या लग्नात गंगावण लावलं, गजरा माळला, कोणी विचारलं तर लावलंय म्हणून सांगितलं. सासूबाईंनी माका-जास्वंदाचं तेल करून दिलंय ते रविवारी लावते. त्याने केस येतात असं मी म्हणणार नाही, त्यांच्या हाताने डोकं चोळून घेण्यात मला बरं वाटतं, आणि तेही खरंच आहे. फक्त शुगर चढलेली असताना टाळूवर फोड किंवा खाज असेल तर तेल नको, आधी दाखवून घ्यायचं, कारण अशा वेळी जंतुसंसर्ग पटकन वाढतो.

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे. त्यातल्या किती बायकांना “मग केस जाणारच” ऐकून घरी पाठवलं जात असेल!

शेवटच्या भेटीत डॉक्टर बाईंनी साडी जराशी वर करायला सांगून माझ्या नडग्या बघितल्या. पायावरचे केस जाणं वयानेही होतं, पण पायाचा रक्तपुरवठा कमी झाला तरी होतं, आणि मधुमेहात ती शक्यता धरून चालावं लागतं. त्यांनी पावलावरची नाडी बोटाने चाचपली, दोन्हीकडे नीट लागली. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांचे पाय बघितले. त्यांनाही शुगर आहे. नडग्या गुळगुळीत, कातडी चकचकीत, आणि पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, असं ते वर्षभर सांगताहेत. आम्ही ते चालण्याची सवय मोडल्यावर टाकलं होतं. येत्या सोमवारी मेस बंद ठेवून त्यांना पायांच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीला घेऊन जाते आहे.